चौथ्या दिवशी कप्तानाचा हात परत आला

मी आयुष्यात एकच मोठं खोटं बोललो, आणि तेही एका सिनेमाबद्दल. लहानसहान खोटं सगळेच बोलतात, ते मी धरत नाही.

झालं असं, की आमच्या मुलीनं, ऋचानं, आपलं लग्न आपणच ठरवलं होतं. मुलगा अनीश, नवा रायपूरला तिच्याच ऑफिसात. त्याचे वडील जोगळेकर साहेब पुण्याचे. पाच वर्षांपूर्वी बदली होऊन रायपूरला आले आणि तेलीबांध्याला तलावाच्या बाजूला फ्लॅट घेऊन राहिले. आम्ही चौबे कॉलोनीतले. आमचे कोणीतरी खापरपणजोबा मराठ्यांच्या राज्यात इकडे आले आणि परत जायचं विसरले. तेव्हापासून आमच्या मराठीत इतकं काय काय मिसळलं आहे, की पुण्याची माणसं ती ऐकली की आधी दोन मिनिटं गप्प बसतात.

त्यांच्याकडे पहिल्यांदा जायच्या आधी ऋचानं मला खुर्चीत बसवून समज दिली.

“बाबा, त्या लोकायले खोटं चालत नाही. आधी अनीशसाठी एक स्थळ आलं होतं. त्या लोकायनं मुलीचं वय एक वर्ष कमी सांगितलं, तेवढ्यावरच त्याच्या बाबायनं नाही म्हटलं. तुम्ही फक्त जे आहे ते सांगा.”

“मी काहून खोटं बोलीन?”

“तुम्ही बोलत नाही. तुम्ही वाहवत जाता.”

आता पोटच्या पोरीनं असं म्हटल्यावर माणसानं काय करावं? मी तोंड बंद ठेवायचं ठरवून गेलो. चहा झाला, पोहे झाले, रायपूरचं ऊन झालं. मग कोणालाच काही सुचेना. जोगळेकर साहेब सरळ बसलेले, वहिनी हसऱ्या पण गप्प, माझी बायको शोभा पदराचं टोक बघत बसलेली. समोरच्या भिंतीवर ओळीनं नऊ पोस्टरं लावली होती. एका जहाजाच्या कप्तानाची सिनेमांची मालिका, सगळे भाग. (नाव सांगत नाही. त्या नावावर आमच्या घरात अजूनही कोणी ना कोणी हसतं.)

“हा आमच्याकडचा कुळाचारच म्हणा,” साहेब म्हणाले. “पहिला भाग आला तेव्हा अनीश आठ वर्षांचा होता. तेव्हापासून नवा भाग आला की पहिल्या रविवारी आम्ही सगळे मिळून बघतो. आता दहावा येतोय. तुम्ही पाहिलेत का हे?”

नाही म्हणायला किती वेळ लागतो? पण त्या खोलीत वीस मिनिटांत पहिल्यांदा कोणीतरी मला काहीतरी विचारलं होतं.

“पाहिलेत का काय म्हणता साहेब,” मी म्हणालो, “पाठ आहेत.”

शोभानं पदराचं टोक सोडलं. ऋचानं डोळे मिटून घेतले. जोगळेकर साहेब मात्र खुर्चीत पुढे सरकले आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

“अरे वा! मग येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी दोन्ही घरं एकत्रच जाऊ. दुपारी तुमच्याकडे जेवण, मग चारचा खेळ. जेवताना आपल्याला सविस्तर चर्चा करता येईल.”

सविस्तर चर्चा! मी भिंतीवरची पोस्टरं पुन्हा एकदा मोजली.

घरी परतून आत पाय ठेवल्यावर ऋचा म्हणाली, “आता नऊच्या नऊ पाहा. मी नाही सांगणार अनीशले काही. तुम्ही खोटं बोलले, तुम्हीच ते खरं करा.” आवाज कापत होता. मला फार वाईट वाटलं. पोरीनं एवढी एकच गोष्ट मागितली होती, आणि मी ती पोह्यांबरोबर खाऊन टाकली होती.

तर नऊ सिनेमे आणि नऊ संध्याकाळी. गणित जुळत होतं, भांडण पेटलं ते क्रमावरून. मुलगा चिन्मय भिलाईच्या हॉस्टेलवरून घरी आला होता. त्यानं नऊही भाग हिंदीतले एका पेनड्राइव्हवर आणून दिले आणि वर सल्लाही दिला. (चिन्मयला मराठी सगळं कळतं. उत्तर हिंदीत येतं.)

“पापा, सिंपल है. तीसरा पहले देखो. उसमें बीस साल पहले की कहानी है.”

“पागल झाला का तू?” ऋचा म्हणाली. “तिसरा आधी पाहिला तर मास्तर कोण आहे ते तिथंच समजते. सगळी मजाच गेली. ज्या क्रमानं आले त्याच क्रमानं पाहायचे.”

“दीदी, टाइम आगे-पीछे होता है इसमें. ये दोनों कन्फ्यूज़ हो जाएंगे.”

“ज्याच्यात मारामारी कमी आहे तो आधी लावा,” शोभा म्हणाली. “पुढचं पुढं पाहू.”

अर्धा तास हे चाललं. शेवटी मी कार्यालयात करतो तेच केलं. म्हटलं, लेखी द्या. एका सरकारी कार्यालयाच्या रेकॉर्ड शाखेत माझी एकतीस वर्षं गेली आहेत. तोंडी गोष्टीवर माझा विश्वास नाही.

ऋचानं बसून नऊ कागद लिहिले. प्रत्येकावर एका सिनेमाचं नाव आणि खाली कोण कोणाचा कोण, एवढंच. क्रमांक टाकले नाहीत. कागद क्रमानं लावून दिलेत तर क्रमांक कशाला, असं तिला वाटलं. (रेकॉर्ड शाखेतल्या माणसाच्या पोरीनं असं करावं!) “वरचा कागद पहिला,” असं सांगून तिनं गठ्ठा माझ्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी ती ट्रेनिंगला बिलासपूरला गेली आणि चिन्मय हॉस्टेलला.

आता सुटे कागद मला बघवत नाहीत. मी एक कोरी फाईल घेतली. गठ्ठ्यावरचा पहिला कागद उचलला, भोकं पाडली, टॅगमध्ये ओवला. मग दुसरा उचलला आणि त्याच्यावर ओवला. मग तिसरा त्याच्यावर. कार्यालयात साहेबांनी फाईल उघडली की ताजा कागद वर दिसला पाहिजे, हे मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, आणि एकतीस वर्षांत माझ्याकडून एकदाही चूक झालेली नाही. तेव्हाही झाली नाही. फाईल बांधली, वर सुंदर अक्षरात “चलचित्र” लिहिलं, आणि संध्याकाळी सहा वाजता वरचा कागद वाचून सिनेमा लावला.

पहिल्याच दिवशी कप्तान मेला.

“हे काय हो,” शोभा म्हणाली. “नऊ पाहायचे आहेत न? हा तर आजच गेला.”

आणि जाताना कसा? एकच हात असलेला, दाढी पांढरी, जहाज बुडून राहिलेलं, आणि त्याचा वैरी गुडघ्यावर बसून त्याची माफी मागतोय. मला काही कळलं नाही. पण चिन्मय म्हणाला होता, टाइम आगे-पीछे आहे. मी तेच शोभाला ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी कप्तान जिवंत होता. शोभाला एवढा आनंद झाला की तिनं मध्येच सिनेमा थांबवून चहा केला. तिसऱ्या दिवशी त्याचा हात तुटला, तो नेमका कसा तुटला होता ते कळलं. चौथ्या दिवशी हात परत आला. दाढी काळी झाली. शोभा म्हणाली, “किती सुधरून राहिला हो हा माणूस.” मला वाटलं, हल्ली सिनेमात उपचारही चांगले दाखवतात.

त्या दिवशी बिलासपूरहून ऋचाचा फोन आला.

“बाबा, किती झाले?”

“चार झाले.”

“मास्तर आवडला का? आतापर्यंत तोच तर सगळं करते.”

मास्तर? चार सिनेमांत मी एका मास्तरचा फक्त फोटो पाहिला होता, तोही हार घातलेला. पण पोरीचा आवाज इतक्या दिवसांनी जरा मोकळा लागत होता.

“हव, एकदम मस्त आहे,” मी म्हणालो आणि फोन ठेवला. म्हणजे एक खोटं खरं करता करता मी दुसरं बोलून बसलो.

पाचव्या दिवशी तो मास्तर दिसला आणि त्याच दिवशी वैऱ्यानं त्याला मारलं. शोभा रडली. सहाव्या दिवशी मास्तर पुन्हा हजर, आणि शोभानं टीव्हीकडे बघून हात जोडले. मग तर तिला गोडीच लागली. सहाच्या आत कुकर उतरवून ती फाईल मांडीवर घेऊन बसायची. दिवसेंदिवस सगळ्यांचे केस काळे होत गेले. वैऱ्याचा स्वभाव निवळत गेला. बुडालेलं जहाज नवंकोरं झालं. नवव्या दिवशी कप्तान आणि वैरी हे दोघं लंगोटीयार निघाले आणि हातात हात घालून गाणं म्हणत जहाजावर चढले. इतका गोड शेवट मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. एवढी अवघड मालिका आपल्याला समजली, याचा मला मनातून अभिमानही वाटला.

रविवारी सकाळी ऋचा आणि चिन्मय आले, साडेबाराला जोगळेकर मंडळी. शोभानं कोथिंबिरीचं सारण भरलेल्या पुडाच्या वड्या केल्या होत्या, कढी होती. साहेबांनी पहिली वडी कढीत बुडवली आणि विचारलं, “बरं, तुम्हाला एकूणात काय भावलं?”

“मैत्री,” मी म्हणालो. “दोन वैऱ्यांचं हळूहळू कसं जुळत गेलं, ते फार छान दाखवलं आहे.”

साहेबांची वडी कढीतच राहिली. अनीश माझ्याकडे पाहू लागला.

“आणि शेवट?” साहेबांनी सावकाश विचारलं.

“शेवट तर विचारूच नका. दोघं मित्र हातात हात घालून...”

“हातात हात? कप्तानाचा हात तर तुटलाय.”

“चौथ्या दिवशी परत आला न,” शोभा म्हणाली.

चिन्मयनं पाण्याचा पेला खाली ठेवला. “पापा,” तो म्हणाला, “आपने उल्टा देखा क्या?”

मी ऋचाकडे पाहिलं. ती ताटाकडे पाहत होती आणि तिचे कान लाल झाले होते. लहानपणी शाळेत बक्षीस दुसऱ्याच मुलीला मिळालं तेव्हा ती अशीच बसली होती. मला काही तरी पटकन रचून सांगता आलं असतं, तोंडापर्यंत आलंही होतं. पण तिचे ते कान बघून माझी हिंमत झाली नाही. मी उठलो, हात धुतले आणि कपाटातून फाईल आणून साहेबांपुढे ठेवली.

“साहेब, त्या दिवशी मी एकही भाग पाहिलेला नव्हता. पाठ आहेत म्हणालो ते खोटं होतं. तुमच्याकडून आल्यावर नऊही पाहिले. पण ते असे. यात पोरीचा काही दोष नाही. तिनं मला आधीच बजावलं होतं.”

जोगळेकर साहेबांनी रुमालाला हात पुसले, चष्मा लावला आणि फाईल उघडली. पहिला कागद वाचला, उलटला, दुसरा वाचला. नऊही कागद असे त्यांनी नीट पाहिले. त्या दोन मिनिटांत मी मनातल्या मनात मांडववाल्याला नाही म्हणूनही आलो. मग त्यांचे खांदे हलायला लागले. रागानं हलतायत असं मला वाटलं, पण माणूस हसत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

“ताजा कागद वर,” ते म्हणाले. “बत्तीस वर्षं माझ्या टेबलावर अशाच फायली आल्या. पद्धतीप्रमाणे अगदी बरोबर लावलीय हो ही.”

“पण खोटं बोललो ते...”

“बोललात ना. पण बोललेलं खोटं खरं करायला नऊ सिनेमे बघणारा माणूस मी आजच पाहतोय. त्या वय कमी सांगणाऱ्यांनी काहीच केलं नव्हतं.”

एवढ्यात जोगळेकर वहिनी पहिल्यांदाच मध्ये बोलल्या. “अहो, पण तुमच्या क्रमानं मास्तर परत येतात का?”

“येतात न,” शोभा म्हणाली. “सहाव्या दिवशी.”

“मला पाचव्यानंतर बघवलेच नाहीत हो. हे दोघं बघतात, मी नुसती शेजारी बसून विणकाम करते.” त्यांनी फाईल स्वतःकडे ओढली. “ही मी घेऊन जाते.”

तेव्हा कुठे ऋचानं मान वर केली आणि माझ्या ताटात आणखी एक वडी वाढली. मला इतकं हलकं वाटलं, की मी ती कढीशिवायच खाल्ली. चारच्या खेळाला दहाव्या भागात कप्तान जिवंत निघाला आणि अख्ख्या थिएटरनं आरडाओरडा केला. शोभा तेवढी शांत बसली होती. “हा मरत नाही,” तिनं वहिनींना सांगितलं, “मले दुसऱ्या दिवसापासूनच माहीत आहे.”

लग्न झालं. व्हिडिओवाल्यानं परवा चार भाग करून आणून दिले. पहिला मेंदी-हळद, दुसरा लग्न, तिसरा रिसेप्शन, चौथा पाठवणी. शोभानं विचारलं, कोणता आधी लावू? मी म्हटलं, चौथा. त्या भागात मी गाडीच्या दाराला धरून असा काही रडतोय, की ड्रायव्हर उतरून मला पाणी देतो. पण मग तिसरा येतो, दुसरा येतो, आणि शेवटी पोट्टी हळद लावून आमच्याच अंगणात पाटावर बसलेली असते. तीनदा पाहून झालं, तिन्ही वेळा ती घरी परत आली.

शोभा म्हणते, एवढं कशाला, ती गुरुवारी येणारच आहे. तेलीबांध्याहून वीस मिनिटं लागतात.