न जळलेला पाय

बारामतीच्या एमआयडीसीत आमची शेड आहे. कार्बन फायबरचं कापड विणतो. कोरा धागा घ्यायची आमची ऐपत कुठली! गाड्यांचे, सायकलींचे मोडकेतोडके जुने भाग आणायचे, भट्टीत घालायचे. कापडाला कडक करणारं रेझिन जळून जातं, काळा धागा तसाच राहतो. तोच पुन्हा विणायचा, पुन्हा रेझिन पाजायचं. स्वस्त आणि टिकाऊ. टिकाऊ म्हणताना माझी मान जरा ताठच व्हायची.

लासुर्ण्याच्या माझ्या चुलत्यांचा, तात्यांचा, डावा पाय उसाच्या ट्रॉलीखाली गेला, तेव्हा त्यांना याच कापडाचा पाय मी करून दिला. गडी काय खूश! "मेलो तरी काढू नगा," म्हणायचे, "वर लंगडत जायचं न्हाय मला." हसत म्हणायचे, पण काकीकडून वचन घेतलं होतं. मागल्या थंडीत ते गेले आणि काकीनं पायासकट चितेवर ठेवायला लावलं. मी, सगळा जन्म भट्टीपुढं काढलेली बाई, मला तरी सुचावं! डोकं गहाण पडलं होतं, दुसरं काय.

राख सावडायला गेलो, तर राखेत पाय. रेझिन जळालेलं, कापड शाबूत. काळं, मऊ, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत, काढून टाकलेल्या मोज्यासारखं. मी उचललं आणि सवयीनं बोटांनी वीण चाचपली. धागा झकास निघालाय, असं मनात आलं. शी! माझीच मला भीती वाटली.

काकी रडली नाही. म्हणाली, "पाय हितंच ऱ्हायला. मग ते कशावर गेलं?"

भावकीतले लोक राखेबरोबर नीरा नदीत सोडू म्हणाले, तर तिनं तो पदराखाली घेतला.

मग तिचे फोन सुरू झाले. "दारात उभं हायत गं. चौकट धरून, एका पायावर. आत या म्हणलं तर येत न्हाईत, जावा म्हणलं तर जात न्हाईत."

"काकी, डॉक्टरला दाखवू का?"

"मला काय धाड भरलीया? त्यांचं बघ. माणूस एका पायावर किती उभं ऱ्हाईल?"

शेवटी काकीकडून ते कापड घेऊन शेडवर आणलं. साच्यावर चढवलं, रेझिन पाजलं. कामावरचं कुणी जवळ फिरकेना. आमच्या भट्टीत आजवर जळालेले तुकडे कुणाकुणाचे असतील, हे त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं.

दिवेलागणीला लासुर्ण्यात पोचले. काकीनं पाय चौकटीला टेकवून उभा ठेवला. पायऱ्या उतरून माझ्याशेजारी अंगणात आली, पदर सावरला.

"घाला आता," ती म्हणाली. "अन् निघा. माझी काळजी करू नगा."

अगदी मायेनं म्हणाली. थोडा वेळ ती दाराकडं बघत राहिली. मग हळूच बाजूला सरकली, कुणाला तरी वाट द्यावी तशी.

मीही सरकले.