झोपलेल्याला फुकट चहा

"निजला असशील तर चहा फुकट, नायतर पैसं ठेव!"

वांगणीजवळच्या दगडखाणीवर मी दर बुधवारी मनाच्या आजारांच्या शिबिरात समुपदेशक म्हणून बसते, आणि शेजारच्या टपरीतून हे वाक्य दर बुधवारी ऐकू येतं. सुरुंगाआधीचा भोंगा वाजला की सगळे कामगार वर येऊन टपरीवाल्या मावशींच्या छपराखाली उभे राहतात. मावशी पदर खोचून एकेकाला झोपेचं विचारतात. छातीतली धडधड, उगीच येणारं रडू, सगळं तिथे हसतखेळत बाहेर पडतं. फुकट चहा क्वचितच कुणाला मिळतो. मग मावशी माझ्याकडे बोट दाखवतात, "त्या पोरीशी बोल. चावत नाय ती." माझ्याकडे येणारी जवळजवळ सगळी माणसं त्यांनीच धाडलेली असतात.

मला विचारलं की मी नुसती मान डोलावते. मावशी क्षणभर बघतात आणि फुकटचा ग्लास पुढे सरकवतात.

या बुधवारी एक नवा डंपरवाला खाली बघत म्हणाला, "महिना झाला मावशी, झोपच नाय. डोकं फिरलंय बहुतेक."

"भाईची केस खलास!" कुणीतरी हसलं. डंपरवाला ग्लास ठेवून निघालाच.

"थांब रं," मावशी म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "आन् तू गं ताय? निजलीस?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तोही थांबला. माझे कान तापले. मी पर्समधून दहाची नोट काढली.

"नाही मावशी," मी म्हणाले, "आज माझेही पैसे घ्या."