चाळीस मिनिटांचं परमिट

बाळ सहस्रबुद्धे आमच्या कारखान्याचे आयटी मॅनेजर होते. डोंबिवली एमआयडीसीतल्या त्या रसायनांच्या कारखान्यात मी त्यांच्या हाताखाली लागले, तेव्हा त्यांच्या निवृत्तीला वर्ष उरलेलं. सगळे त्यांना बाळ सर म्हणत.

नवं सॉफ्टवेअर आलं की सर ते आधी पंधरा दिवस स्वतः वापरत, आणि तेही ज्याला ते रोज वापरावं लागणार त्याच्या जागी उभं राहून. चेहरा ओळखून हजेरी लावणारं यंत्र आलं, तेव्हा हेल्मेट आणि मास्क घालून ते सकाळच्या पाळीच्या रांगेत उभे राहिले. मग निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहिलं : ‘मास्क काढल्याशिवाय ओळखत नाही. बावीस माणसांना अकरा मिनिटं. पाळीला उशीर यंत्रामुळे, खाडा कामगाराच्या नावावर.’ तक्रारी नोंदवायच्या सॉफ्टवेअरबद्दल दोनच ओळी होत्या : ‘तक्रार मिटल्याचा मेल आला. प्रिंटर अजून बंद.’

त्यांचे वडील ठाकुर्लीच्या पॉवर हाऊसमध्ये होते. “काटा काहीही दाखवो, बाबा आधी यंत्राला हाताची पाठ लावून बघत,” सर एकदा म्हणाले होते.

मग परमिटचं ॲप आलं.

टाकी साफ करायला माणूस आत उतरणार असेल तर परमिट लागतं. शिफ्टच्या इनचार्जने, म्हणजे आमच्याकडे परशुरामने, टाकीपाशी जायचं, नायट्रोजनची लाइन बंद करून तिला कुलूप घातलंय का ते बघायचं, आतला प्राणवायू मीटरने मोजायचा आणि मगच सही करायची. नायट्रोजनला वास नसतो, पण तो टाकीतला प्राणवायू हुसकावतो. आत उतरलेल्या माणसाला काही कळायच्या आत तो कोसळतो. हे सगळं कागदाच्या परमिट बुकात चालायचं. ठाण्याच्या हेड ऑफिसने ठरवलं, महिनाभर ॲप चालवून बघायचं. महिन्याअखेरच्या बैठकीत सरांनी सही केली की परमिट बुक कायमचं बंद. निवृत्तीनंतर सरांना दोन वर्षं ठेवून घ्यायचं बोलणंही त्याच बैठकीत व्हायचं होतं.

त्या महिन्यात सरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. प्लांटचे लोखंडी जिने चढवत नव्हते. त्यांनी ॲप पंधरा दिवस वापरलं, पण केबिनमध्ये बसून. ते सुरळीत चाललं. मला हे ठाऊक होतं. मी काही बोलले नाही.

महिना संपताना अहवालासाठी मी आलेख काढला. परमिट मंजूर व्हायला आधी चाळीस मिनिटं लागत, आता तीन. मला वाटलं, सर खूश होतील.

त्यांनी आलेख बराच वेळ बघितला. “संचिता, ही चाळीस मिनिटं कशात जायची?”

“कागदपत्रात, सर.”

“परमिट एका पानाचं आहे. परशुरामला कंट्रोल रूममधून टाकीपर्यंत जाऊन यायलाच पंधरा मिनिटं लागतात. तो तीन मिनिटांत कसा जातो?”

सरांनी काठी घेतली आणि आम्ही प्लांटच्या गेटवर गेलो.

प्लांटमध्ये साधा मोबाईल नेता येत नाही, ठिणगीची भीती. आत चालणारे खास फोन मागवलेले, पण आले नव्हते. तोवर आपापल्या फोनवर काम भागवा, असा वरून निरोप होता. ते सगळे फोन गेटवर वॉचमन पोपटच्या टेबलावर ट्रेमध्ये मांडलेले होते. प्रत्येकाच्या पाठीला पांढरी पट्टी, तिच्यावर नाव आणि पासवर्ड.

“हे काय रे पोपट?”

“साहेब, कोणाचं काम अडू देत नाय मी,” पोपट हसत म्हणाला. “परमिट आलं की आत इंटरकॉम मारतो. ते बोलतात दाब, मी दाबतो. परवा परशुरामसाहेब बोलले, पोपट, आता तूच इनचार्ज!”

तेवढ्यात ट्रेमधला एक फोन वाजला. पोपटने इंटरकॉमचा रिसीव्हर उचलला. “परशुरामसाहेब, चार नंबर टाकी. दाबू का?”

“दाबू नकोस,” सर म्हणाले आणि रिसीव्हर त्याच्या हातातून घेतला. “परशुराम, चार नंबरची लाइन बंद केलीस?”

पलीकडून आवाज स्पष्ट ऐकू आला. “ठेकेदाराच्या माणसांनी केली असेल ना सर. त्याशिवाय ते परमिट मागतील कसे?”

“तू पाहिलंस?”

“नाही, सर.”

“चार नंबरपाशी ये. मी पण येतोय.”

सर ते जिने कसे चढले, मला अजून आठवतं. एका पायरीवर दोन्ही पाय, मग पुढची पायरी. टाकीच्या तोंडाशी ठेकेदाराचा कामगार रामा पट्टा बांधून बसला होता.

“रामा, लाइन कोणी बंद केली?”

“परशुरामसाहेब करतात ना. गेटवर ठेकेदाराच्या मोबाईलवर हिरवं आलं म्हंजे झालेली असती.”

परशुराम धापा टाकत आला. त्याने व्हॉल्व्हला हात लावला. कुलूप नव्हतं. व्हॉल्व्ह अर्धा उघडा होता. मीटर आत सोडला, तर प्राणवायू कमी म्हणून तो किंचाळायला लागला. रामाने टाकीत डोकावून बघितलं. आत काहीच दिसत नव्हतं. तो हळूहळू पट्टा सोडू लागला, पण बकल निघेना. शेवटी परशुरामने ते काढलं.

पोपटवर कारवाई व्हावी, असं बैठकीत कोणीतरी म्हणालं. सरांनी वही उघडून सर्वांसमोर वाचलं : ‘पंधरा दिवस केबिनमध्ये बसून तपासलं. गेटवर गेलो नाही, टाकीपाशी गेलो नाही. गेलो असतो तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं. चूक माझी.’ सही त्यांनी केली नाही; परमिट बुक चालूच राहिलं. दोन वर्षं ठेवून घ्यायचा विषय त्या दिवशी निघाला नाही, पुढेही नाही.

सर वेळेवर निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी त्यांनी पोपटच्या ट्रेमधला प्रत्येक फोन उलटून बघितला. पट्ट्यांवर आता फक्त नावं होती.

खास फोन नंतर आले. परशुराम आता ॲपवरच परमिट देतो, पण टाकीपाशी उभा राहून, कुलपाचा फोटो काढून. गेल्या आठवड्यात ठाण्याहून विचारणा आली, मंजुरीचा वेळ तीन मिनिटांवरून अडतीसवर का गेला?

मी आधी लांबलचक उत्तर लिहायला घेतलं. मग ते खोडलं आणि लिहिलं : ‘इनचार्ज टाकीपर्यंत चालत जातो.’ पाठवायच्या आधी मी स्वतः कंट्रोल रूममधून चार नंबरपर्यंत जाऊन आले. घड्याळ लावून. सोळा मिनिटं लागली.