उरलेली भाकर

बाळाबाई चर्चच्या दारात उभी राहिली की आमच्या चपला आपोआप ओळीत लागायच्या. मी शाळामास्तर, वर चर्चच्या मंडळीचा पंच, पण तिच्यापुढं माझीही बिशाद नव्हती. उपासनेत कुणी सोयरिकीच्या गप्पा काढल्या तर ती नंतर दारातच ऐकवायची, "बाजार लक्ष्मीपुरीत भरतोय. हितं देव बसलाय."

हातकणंगल्याकडून ती तरुणपणीच विधवा होऊन आली आणि चर्चच्या आवारातल्या खोलीत राहून झाडलोट करू लागली. उपासनेत सगळ्यांना तुकडा तुकडा वाटायची ती प्रभुभोजनाची भाकर तीच करायची. गव्हाची, न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून. भोजनानंतर उरलेले तुकडे कुणाच्या पोटात जाऊ द्यायचे नाहीत, मागच्या चिंचेखाली पुरायचे, ही कुण्या जुन्या मिशनरी मडमेनं घालून दिलेली रीत. मडम मायदेशी गेली, रीत बाळाबाईकडे राहिली. शास्त्रात त्या रीतीला आधार नाही हे आमच्या चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, यांना ठाऊक होतं आणि मलाही. पण बाळाबाईशी वाद कोण घालणार?

एकोणपन्नास साल. रेशनवर लाल मिलो, परदेशी ज्वारी, मिळायची. प्रभुभोजनापुरता गहू चार घरं मिळून जमवायची. बाळाबाईची सहा वर्षांची नात रिबका, आई गेल्यापासून आजीपाशीच असलेली, पंधरा दिवस तापानं पडून होती. मिलोची भाकरी तिच्या घशाखाली उतरेना. त्या रविवारी बाळाबाई उरलेल्या तुकड्यांचं ताट घेऊन खोलीवरून निघाली, तशी पोरीनं अंथरुणातून हात पुढं केला. "आजे, त्यातली दे की वाईच."

बाळाबाईनं दिली नाही. चिंचेखाली खड्डा केला, तुकडे पुरले, हात धुतले आणि मग पोरीजवळ येऊन बसली. बुधवारी रिबका गेली.

दफनानंतर चार दिवसांनी ती पाळकसाहेबांकडे आली. मी तिथंच होतो. ती रडत नव्हती.

"पंधरा दिसांनी पोरीला कायतरी खावंसं वाटलं हुतं, सायेब. मी न्हाय दिलं. बरोबर केलं का चूक, तेवढं सांगा."

पाळकसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली.

"बरोबर केलंत, बाळाबाई," ते म्हणाले. "जे पवित्र, ते पवित्रच."

ती गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "खरं सांगून पोर परत आली असती का, मास्तर?" मी नाही म्हणालो. एका तुकड्यानं ती वाचलीही नसती, हे मला कळतं. पण तोंडात गहू घेऊन गेली असती.

त्या एका उत्तरापायी रीत मोडायची सोयच उरली नाही. पुढची आठ वर्षं बाहेर उपाशी पोरं ताटाकडं बघत उभी राहायची आणि आम्ही भाकर मातीत घालायचो. मला त्या चिंचेकडं बघवत नसे.

सत्तावन्न साली पाळकसाहेब बदलून गेले आणि नवे, तरणे पाळक आले. त्यांना रीत सांगायचं काम माझं होतं. मी टाळलं. पहिल्याच प्रभुभोजनानंतर त्यांनी ताट पायरीवर आणलं आणि उरलेले तुकडे पोरांना वाटून टाकले.

बाळाबाई खुरपं घेऊन उभी होती. "सायेब, चालतंय व्हय हे?"

"चालतं की, आजी. उपासना संपली, आता ती साधी भाकर. वाया जाऊ नये एवढंच बघायचं."

तिनं खुरपं खाली ठेवलं. माझ्याकडं वळली. "मास्तर, तुमास्नी ठावं हुतं?"

"हो."

"तवाबी?"

"तेव्हाही," मी म्हणालो.

त्यानंतर ती चर्चची पायरी चढली नाही. खोली सोडून शिवाजी पेठेत भाच्याकडं राहायला गेली. मी दोनदा माफी मागायला गेलो. पहिल्या वेळी तिनं पाणी दिलं आणि आत निघून गेली. दुसऱ्या वेळी मी म्हणालो, तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून आम्ही तसं सांगितलं.

"मी तवा तुमास्नी इचारायला आलते व्हय, मास्तर?" ती म्हणाली. "मी देवाला इचारायला आलते."