म्हणजेमास्तर

गल्लीच्या तोंडाशी शिवणकामाचं दुकान असलेल्या मास्तरांना सगळे म्हणजेमास्तर म्हणत. गिऱ्हाईक म्हणालं, "थोडं सैल ठेवा," की मास्तरांनी गळ्यातली टेप काढलीच. "थोडं म्हणजे? एक बोट की दोन? आणि बोट कुणाचं, तुमचं की माझं?" बोटावर एकमत झाल्याशिवाय कापडाला कात्री लागत नसे. दुकानात भांडण म्हणून कधी झालं नाही.

ही कीर्ती पसरली आणि उसवलेल्या कपड्यांबरोबर गल्लीतली भांडणंही त्यांच्याकडे येऊ लागली. वरच्या मजल्यावर धांगडधिंगा चालतो, अशी खालच्यांची तक्रार. मास्तरांनी आधी दोघांना मान्य काय ते काढलं. खुर्ची सरकते, एवढं मान्य. मग धांगडधिंगा म्हणजे काय ते ठरलं, आणि खुर्चीच्या पायांना चिंध्या बांधून प्रकरण मिटलं. मास्तर आठवडाभर जमिनीपासून वीतभर वर चालत होते.

बाहेर कुणी भांडत नसेल, तर अक्कल पाजळायला हक्काची बायको होतीच. ती दुकानाच्या मागच्या खोलीत मशीनवर अस्तरं जोडायची. एकदा म्हणाली, "अहो, माझं मशीन पुढे खिडकीपाशी घेऊ या. मागे दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे? सुई दिसते?"

"सुई दिसते, पण..."

"सुई दिसते, हे मान्य. म्हणजे दिसतं."

"तुम्ही माझं ऐकतच नाही!"

मास्तरांनी तिची सगळी वाक्यं शब्दन्‌शब्द म्हणून दाखवली. "ऐकलं की नाही?" ऐकलं होतं खरं. ती पुन्हा अस्तरं जोडायला मागे गेली. हळूहळू मान्य मुद्दे वाढत गेले, बोलणं आटत गेलं. आमच्या घरात कशी शांतता आहे बघा, असं मास्तर गल्लीभर सांगत फिरले.

मग एका सकाळी ती मोठी पिशवी घेऊन दुकानात आली. बहिणीकडे निघाली की दारातून "येते हं" म्हणायची. आज म्हणाली, "जाते."

मास्तरांनी तोंड उघडलं.

"विचारा ना, जाते म्हणजे काय," ती थांबून म्हणाली.

मास्तरांना विचारवेना. जन्मात पहिल्यांदाच एक शब्द त्यांना न विचारता कळला होता. ती पायऱ्या उतरून गेली.

समोरचं गिऱ्हाईक खाकरलं. "मास्तर, थोडं सैल ठेवा हं."

"बरं," मास्तर म्हणाले. टेप गळ्यातच राहिली. ते मागच्या खोलीत गेले आणि ते जड मशीन एकटेच खिडकीकडे ओढू लागले.