कुडावरच्या बारा रेघा

हे आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही — आता तुमच्याजवळ काढते.

सुरगाण्याच्या डोंगरातलं आमचं घर. भात कापून झालं की आई मला घेऊन जीपने नाशिककडे मळ्यांवर मजुरीला यायची; माझी शाळा तिथेच तुटायची. पुढे आश्रमशाळेने धरून ठेवलं, म्हणून शिकले. एम.एस्सी.पर्यंत पोचले — आमच्या पाड्यावर तोवर कुणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं.

नव्वदच्या दशकाची अखेर. माझा प्रकल्प बेडकांवर: जागा बदलली की त्यांचं खाणं, अंडी घालणं कसं बदलतं. मळ्याच्या पाटातले बेडूक पाण्यात अंडी घालतात, पिल्लं तळाचा गाळ खातात — ते सोपं. पण आम्ही पाणी भरायचो त्या झिऱ्यावरचे? ओल्या कातळावरची त्यांची पिल्लं मी पुस्तकाप्रमाणे बादलीभर पाण्यात सोडली. ती बादलीच्या कडेने वर चढून आली! आई पोट धरून हसली.

"येडी का काय तू, बाय? ती दगडावरच जगतात. शेवाळ खरवडून खातात. कालेजात हे नाय सांगत?"

मी नाशिकला कॉलेजात परतले. पुढचे बारा दिवस रोज सकाळी झिऱ्यावर पाण्याला गेली की आई पिल्लं मोजायची. लिहिता येत नव्हतं — म्हणून कुडाच्या भिंतीवर कोळशाने दिवसाला एक रेघ, शेजारी पिल्लागणिक एक ठिपका. दिवाळीला घर सारवलं ते तेवढा तुकडा सोडून. "पोरीच्या कालेजाचं हाय ते."

ते ठिपके मी वहीत उतरवले. 'निरीक्षक' या रकान्यात, बाराही दिवसांपुढे — माझं नाव. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, बाराही दिवस तिथे तुम्ही स्वतः होता?

होते, मी म्हणाले.

घाबरले होते का? नाही हो. मला ते श्रेय हवं होतं — एवढंच. पहिली आले.

घरी आईने विचारलं, "माझ्या रेघा दावल्या का गं?"

"दावल्या."

ती इतकी खूश झाली की लगेच शेण कालवून तिने तो तुकडाही सारवून टाकला. काम झालं होतं ना त्याचं! मी उभी राहून बघत होते. रेघ न् रेघ जाईपर्यंत.

त्याच झिऱ्यावर मग मी सहा पावसाळे काढले, कातळावर घसरून गुडघे सोलून घेतले — आईचा एक ठिपका चुकीचा निघाला नाही. पीएच.डी. मिळाली त्या दिवशी ती नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती. प्रबंधातही ते बारा दिवस माझेच होते.

काल ती जुनी वही काढली. रकान्यातलं माझं नाव बारा वेळा खोडलं, बारा वेळा लिहिलं — जानकाबाई.

मी डॉक्टर झाले. बाराही दिवस तिथे माझी आई होती.