मोहाच्या रसातला लेप

"हे काय फासलंय? कुणी फासलंय हे?"

डॉक्टर गोठ्यात ओरडत होते. आवाज असा, की दवनीवाड्याच्या धानाच्या बांध्यांमधले बगळे उठून थेट तिरोड्याच्या वीजकेंद्राच्या चिमणीवर जाऊन बसले असतील. मी खाटेवरून हललो नाही. आधी चहा संपवला, मग म्हणालो, "मी फासलं. कडुनिंबाचा पाला अन् हळद. बैल माझा, कडुनिंब माझा, हळद माझ्या घरची. तुमाले काय त्रास?"

त्रास त्यांना होता, आणि तसा हक्काचाही होता. आठवड्यापूर्वी त्यांनीच माझ्या पांढऱ्या बैलाचं उजवं शिंग मुळापासून कापलं होतं. शिंगात कॅन्सर झाला होता. बैल मान वाकडी करून उभा राहायचा, नाकातून रक्त यायचं. डॉक्टर मूळचे तिकडचे, साताऱ्याकडचे. माणूस हडकुळा, पण करवत धरली की रेल्वेचा रूळ कापेल. गुंगीचं इंजेक्शन, करवत, कातडीचं झाकण, टाके, सगळं त्यांनी एकट्यानं केलं. मी फक्त बैलाचं डोकं धरून होतो आणि अधूनमधून सल्ले देत होतो.

त्या दिवसापासून गावाला दुसरा विषय नव्हता. पांढरा आणि तांबडा ही माझी पटाची जोडी. शंकरपटाच्या शर्यतीत ती सुटली की धूळ मागं राहायची आणि धुळीच्याही मागं बाकीच्या जोड्या. आता जो येई तो सांगे, जखम नासायच्या आत बाजार दाखव. एक जण तर बैलासमोरच म्हणाला, "एका शिंगाचा बैल कायले पोसून राहिला गा?"

"तुले तर एकबी शिंग नाही," मी म्हणालो, "तरी तुही बायको पोसूनच राहिली ना?"

पण माशा माझं ऐकत नव्हत्या. भादव्यातल्या माशा त्या, एकेक चिमणीएवढी. जखमेत अळ्या पडल्या तर बैल हातचा जाणार, हे मलाही कळत होतं. डॉक्टरांनी दिलेला फवारा मी मारायचो, पण बैलानं मान झटकली की माशा पुन्हा हजर. म्हणून मी पाला वाटला, हळद घातली आणि जाड लेप दिला. तो वाळून दुपारपर्यंत खपलीसारखा गळून पडला. पुन्हा दिला, पुन्हा गळला. मी हरणारा माणूस नाही. घरात मोहफुलं होती. ती उकळली, रस गाळला, आटवून आटवून असा चिकट केला की पळी भांड्यासकट उचलली जाई. त्यात पाला आणि हळद कालवली. तो लेप जो बसला, तो भूकंप झाला असता तरी हलला नसता.

सकाळी त्या लेपाचे नुसते ओघळ उरले होते. दोन टाके उघडे पडले होते, म्हणून घरवालीनं डॉक्टरांना फोन केला होता.

डॉक्टरांनी वाकून वास घेतला. "पाल्यानं जखम कुजवलीत तुम्ही. आणि हा गोड वास कसला?"

"मोहाचा," मी छाती काढून म्हणालो.

"मोहाचा?"

घरवाली दारात उभी होती. तिनं नुसतं बोट दाखवलं. शेजारच्या खुंट्याला बांधलेला तांबडा मिटक्या मारत होता आणि त्याची जीभ हळदीनं पिवळीजर्द झाली होती.

"पाल्यानं कायचं कुजते जी, डाक्टरसाहेब? त्या तांबड्यानं चाटलं," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "अजी, पटाच्या बैलाले आपन मोहफुलं चारतो. त्याच्या तोंडासमोर तुमी ताट मांडून ठेवलं, अन् तो पाहत बसंल का?"

"लेपाचा काय दोष?" मी म्हणालो. "बैलाले आवडला म्हणजे माल चांगला होता."

डॉक्टरांनी सुई हातात घेतली. "मी पुन्हा टाके घालतो. पण हा पाला मला परत दिसला, तर या गोठ्यात पाय ठेवणार नाही."

"नका ठेवू. माशा तुमच्या भीतीनं पळत नाहीत. मी पाला लावीनच."

आमच्या मध्ये पांढरा उभा होता, अर्ध्या उघड्या डोक्याचा. एक माशी आली आणि नेमकी जखमेच्या काठावर बसली. डॉक्टरांनी ती हातानं हाकलली, ती फिरून तिथंच बसली.

"मोह नाही," शेवटी ते म्हणाले. "टाक्यांवर काहीही नाही. करंजाचं तेल, निंबोळीचं तेल, जे काय ते फक्त कडेकडेनं, हात धुऊन. फवारा चुकवायचा नाही. आणि तो तांबडा तिकडं, लांब बांधा."

मी मोठ्या मनानं त्यांचं ऐकलं. तांबड्याला अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला बांधलं. त्या विरहात तो असा हंबरायचा की आमगावच्या रेल्वे फाटकातले लोक गाडी आली समजून थांबत असतील. मी रोज कडुनिंबाच्या पाण्यानं जखमेची कड पुसायचो, तेल लावायचो आणि कुणी रस्त्यानं जाताना दिसला की मुद्दाम जरा जास्तच मोठ्यानं पाला वाटायचो. फवाराही मारायचो, पण तो गुपचूप. माशा दूर राहिल्या. जखम खालून लाल लाल भरत आली, कडा जवळ आल्या आणि पांढरा पुन्हा वैरणीवर तुटून पडू लागला. बाजाराचं नाव काढणारे रस्ता बदलून जाऊ लागले.

डॉक्टर पुन्हा आले, त्या दिवशी मी अर्धं गाव गोठ्यासमोर गोळा केलं होतं.

"या साहेब," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "आता समद्यायसमोर सांगा. जखम टाक्यानं भरली का पाल्यानं?"

डॉक्टरांनी बॅग उघडली, कात्री काढली.

"टाके काढायचेत. दोर धरा."